खाटेखालचं खोकं

आमच्या पाचूबंदरच्या घरात तेव्हा तीन यंत्रं होती आणि तिघांना तीन तऱ्हेची वागणूक मिळायची. टीव्ही बाहेरच्या खोलीत. त्याच्यावर आईने विणलेला पांढरा रुमाल आणि रुमालावर मारियामातेची छोटी मूर्ती. टीव्ही जास्त वाह्यात वागायला लागला तर वरून कोणाचं तरी लक्ष असावं, असा आईचा हिशेब असणार. बाबांचा जीपीएस त्यांच्या उशाशी, टॉवेलात गुंडाळलेला, तान्ह्या मुलासारखा. आणि तिसरं यंत्र खाटेखाली, खोक्यात. खोक्याला खाकी चिकटपट्टी होती आणि ती पट्टी काढायची कोणाला परवानगी नव्हती. हे प्रकरण त्या खोक्याचं आहे.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, बी.कॉम. हे सांगते तेव्हा हल्लीची मुलं हसतात, कारण त्यांच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर दोन बी.कॉम. राहतात. हसू देत. माझ्याआधी घरात सर्वांत शिकलेले म्हणजे बाबा, चौथी पास. आई 'होळी' नावाच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायची, सहीच्या जागी अंगठा लावायची आणि तोंडाने मात्र वकिलाला पाणी पाजायची. मी कॉलेजात गेले त्या वर्षी गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला की ती म्हणायची, "माझी पोर कालेजला हाय, माझ्याशी असं नाय बोलायचं." कॉलेजचा आणि सरंग्याच्या भावाचा काय संबंध, ते गिऱ्हाईक विचारायचं नाही. गुपचूप पिशवी पुढे करायचं.

बाबा नाखवा होते, 'देवमाता' बोटीचे. लहानपणी त्यांच्या बापाने त्यांना शिकवलेलं, की चर्चचा मनोरा आणि तुंगारेश्वरचा डोंगर एका रेषेत आले की कुठे जाळं टाकायचं. पुढे बोटीवर जीपीएस आला, हाताच्या पंजाएवढा, आणि मनोरा-डोंगर मागे पडले. त्या यंत्रात समुद्रातल्या जागा साठवता यायच्या, पण यंत्र इंग्रजीत बोलायचं. म्हणून मोसमात बाबा घरी आले की अंगावरचं खारं पाणी न धुता आधी मला हाक मारायचे, "फिलू, ये गो इथं." मग दार लोटून घ्यायचे, खिडकीचा पडदा सारायचे आणि मी सापडलेल्या नवीन जागेला नाव देऊन ती साठवायची. कोणी चोरून यंत्र बघितलं तरी कळता नये, अशी नावं हवीत, हा बाबांचा हुकूम. त्यामुळे घोळ माशाच्या जागेला मी नाव दिलं 'होमवर्क'. आणि पापलेटाची जी खास जागा होती, जिच्यावर आमचं वर्ष निघायचं, तिचं नाव 'मॅथ्स'. मॅथ्स कोण उघडून बघणार? आईला माहीत नव्हतं, धाकट्या भावाला माहीत नव्हतं, बोटीवरच्या खलाशांना माहीत नव्हतं. बंदरावरचं सर्वांत मोठं गुपित बाबांना आणि मला, दोघांनाच ठाऊक होतं.

त्या वर्षी लेंट लागला आणि मागोमाग आखातात लढाई लागली. लेंट म्हणजे आमचा ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ. मटण बंद, दारू बंद (दिवसा), लग्नं बंद, गाणी बंद. लढाई मात्र सकाळ-संध्याकाळ चालू. केबल नुकतीच गावात आली होती आणि सर्वांत मोठा टीव्ही होता शेजारच्या पास्कलकाकाकडे. पास्कलकाका बाबांचा चुलतभाऊ, गावकीचा म्होरक्या, आवाज बोटीच्या भोंग्यासारखा. संध्याकाळी पुरुषमंडळी जाळी घेऊन त्याच्या ओटीवर बसायची. हात जाळं विणत असायचे आणि डोळे टीव्हीत. हिरव्या अंधारात काहीतरी लखकन पेटायचं आणि ओटीवरून आवाज यायचा, "गेला! गेला! काय नेम हाय बघ!" मांडीवर पोरं असायची. त्यांना कोणी म्हणत नव्हतं की डोळे मिट. मग बातमीत तेलाचं काहीतरी यायचं आणि सगळ्यांचे चेहरे उतरायचे, कारण डिझेल महागलं तर बोट कशी काढायची? लढाई हवी होती, पण तिची झळ आपल्या इंजिनाला लागता नये होती.

माझा मामा तेव्हा कुवेतला होता. लढाईला तोंड लागलं तसं कंपनीने त्याला परत धाडलं. तो आला, गळ्यात पडून आई रडली, आणि संध्याकाळी पास्कलकाकाने त्याला मानाने टीव्हीसमोर बसवलं. "तू तर जवळून बघितलंस! कसं दिसतं रं तिथून?"  मामा म्हणाला, "काय दिसत नाय. भोंगा वाजतो. आमी खिडक्यांना चिकटपट्टी लावून आत बसायचो. बाजूच्या खोलीत एक केरळी पोरगा होता, तो बायकोचं नाव घेत बसायचा." एवढंच बोलून तो उठला आणि चपला शोधायला लागला. पास्कलकाका हिरमुसला. त्याला आणखी काहीतरी हवं होतं.

खोकं मामानेच आणलं. कंपनी आवरताना जुने कॉम्प्युटर वाटून टाकत होती. त्यातला एक त्याने माझ्यासाठी उचलला, कारण मी पत्रात लिहिलं होतं की तिसऱ्या वर्षाला कॉम्प्युटरचा पेपर आहे. पण ते घरात आलं त्याच आठवड्यात गावकीची बैठक बसली, क्रूसाजवळच्या पारावर. त्या वर्षी टीव्हीवर जुन्या गाण्यांची नवी रूपं यायची. चाल आपल्या आईबापांच्या वेळची, आणि त्यावर पोटऱ्या-पाठी उघड्या टाकून नाचणाऱ्या मुली. लेंटपुरती बंद केलेली गाणी ईस्टर झाल्यावरही बंदच ठेवायची, असं पास्कलकाकाने मांडलं. केबलवाल्याला बोलावून सांगितलं, गाण्यांचे सगळे चॅनल काढ. केबलवाला परप्रांतीय, बिचारा घाबरून म्हणाला, "और न्यूज?" "बातम्या राहू दे," पास्कलकाका म्हणाला. "त्यात ज्ञान हाय."

बायकांना बैठकीत कोणी विचारलं नव्हतं. पण माझी रोझीआत्या, बाबांची मोठी बहीण, बाजूच्या नळावर हंडा भरत होती. आत्याला नवरा नव्हता, मूल नव्हतं, भीती नव्हती. ती नळ बंद न करताच म्हणाली, "म्हंजे पास्कल, मेलेली मान्सं बघायची. नाचलेली नाय." दोघे-तिघे फसकन हसले. पास्कलकाकाने ऐकलं नाही असं दाखवलं आणि पुढचा ठराव घेतला: कॉम्प्युटरमध्ये सीडी चालते म्हणे, आणि सीडीत तीच गाणी असतात, म्हणून ज्या घरात तरण्या पोरी आहेत त्या घरात कॉम्प्युटर नको. गावात कॉम्प्युटर एकच होता. सगळ्या माना आमच्या बाबांकडे वळल्या.

बाबा वाईट नव्हते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण अशा गोष्टींत बापाला राक्षस करण्याची रीत आहे. ते घरी आले, खोकं दोन्ही हातांनी हळूच खाटेखाली सरकवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "गावात तोंड दाखवायचं हाय मना, फिलू." मी म्हटलं, "आणि माझा पेपर?" कॉलेजात एका कॉम्प्युटरवर आम्ही पाच-सहा जण बसायचो. बटणाला बोट लागेपर्यंत तास संपायचा. स्टेशनजवळ संध्याकाळचे क्लास होते, पण तिथून परतायला अंधार व्हायचा, म्हणून तेही नको. आणि बाबांनी अर्नाळ्याच्या एका स्थळाला शब्द दिला होता: पोरगी पास झाली तर पुढचं तिचं ती ठरवील, नापास झाली तर लग्न. मुलगा चांगला असेल, मला माहीत नाही, मी त्याला बघितलंसुद्धा नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की एका पेपरात माझं पुढचं सगळं अडकलंय आणि तो पेपर माझ्याच खाटेखाली चिकटपट्टी लावून पडलाय.

मे महिन्यात पास्कलकाकाच्या मुलीचं लग्न. हळदीला मांडवात रोझीआत्या गायला बसली. आमच्याकडे हळदीची गाणी जुन्या बायका म्हणतात आणि त्यांत नवरदेवाची, व्याह्याची, सगळ्यांची जी काही लाज निघते ती मला इथे लिहिता येणार नाही, बी.कॉम. झाले तरी काही मर्यादा आहेत. फादर येऊन गेले की मगच ती गाणी सुरू व्हायची, हाही नियम. पास्कलकाका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता आणि "अजून एक, रोझे!" म्हणून ओरडत होता. मग बँडवाल्यांनी वाजवायला घेतलं, आणि वाजवलं काय, तर त्या बंद केलेल्या गाण्यांतलंच, सर्वांत बदनाम. पास्कलकाका रुमाल दातांत धरून मांडवाच्या मधोमध उतरला. तो काय नाचला! कंबर, खांदे, भुवया, सगळं. व्हिडिओवाला दिवा घेऊन त्याच्या भोवती फिरत होता. आत्या घाम पुसत माझ्या शेजारी येऊन बसली, तिने ताटातला एक फुगा, आमचा तळलेला गोळा-पाव, उचलून तोंडात टाकला आणि म्हणाली, "पोरीने नाचलं की बिघडली. बापाने नाचलं की लगीन."

आजही हे संपलेलं नाही. पास्कलकाका आता खूप म्हातारा झालाय आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्वांत जास्त तोच असतो. सकाळी फुलांचं चित्र, मग कुठल्या तरी शहरावर पडणारे बॉम्ब, त्याच्या मागे वाजणारं जोशातलं संगीत, आणि दुपारी एक लांबलचक मजकूर: मोबाईलमुळे पोरं वाया जातात, त्यांना मोबाईलपासून दूर ठेवा. हे सगळं तो मोबाईलवरून पाठवतो. माझ्या भावाच्या मुलीने परवा तिथेच विचारलं, "आजोबा, मग तुमच्यापासून दूर राहू का?" खाली त्याने हसणारी पाच तोंडं पाठवली. मला त्या पोरीचा हेवा वाटला. मला हे विचारायला एक अख्खा पावसाळा लागला होता.

त्या पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या, प्लॅस्टिकखाली झाकलेल्या. कौलांवर पाऊस, मागे किल्ल्याच्या भिंतीवर आपटणारा समुद्र, आणि घरात सुक्या जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी. ताजी मासळी नसली की आमच्या घरात सगळे जरा चिडके व्हायचे. खोकं ओलावून फुगू नये म्हणून आईने त्याखाली दोन विटा ठेवल्या, आणि जागा वाया जाऊ नये म्हणून वर जवळ्याची पिशवी. मी रात्री खाटेवर झोपायची आणि नाकात वास यायचा तो जवळ्याचा की कॉम्प्युटरचा, कळायचं नाही. मी पुस्तकातल्या चित्रावर बोटं ठेवून टायपिंगचा सराव करायची. कागदाची बटणं आवाज करत नाहीत. ते फार खटकायचं.

ऑगस्ट जवळ आला, पाऊस उघडीप द्यायला लागला, आणि बाबांनी नवीन जीपीएस आणला, मोठ्या पडद्याचा, रंगीत. जुन्याच्या पडद्यावरच्या रेघा पुसट होत चालल्या होत्या. तो कधी डोळे मिटेल सांगता येत नव्हतं. जुन्यातल्या सगळ्या जागा वाचून नव्यात भरायच्या होत्या. दुपारची वेळ होती. आत्या ओटीवर सुके बोंबील निवडत होती. बाबांनी दार लोटलं, पडदा सारला, दोन्ही यंत्रं माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "चल गो. आधी मॅथ्स घे."

मी हात मांडीवरच ठेवले. म्हटलं, "बाबा, ह्या यंत्राने मी बिघडले का?"

"कोन बोलला असं?"

"मग खाटेखालच्याने कशी बिघडेन?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? ह्याला पडदा, त्याला पडदा. ह्याला बटणं, त्याला बटणं."

"ह्याच्यावर घर चालतं, फिलू."

"त्याच्यावर माझं चालेल."

बाबांचा आवाज चढला. "तू मना अडवतंस? बापाला?"

"अडवत नाय. विचारते. अख्ख्या समुद्राचं गुपित तुम्ही माझ्या हातात देता, आणि एक पेटी उघडू देत नाय. माझ्यावर भरवसा हाय की नाय, ते एकदा ठरवा. मग मी जागा भरते."

आई आतून आली आणि माझ्या पाठीत एक धपाटा घालून पुन्हा आत गेली. बाबांनी दोन्ही यंत्रं टॉवेलात गुंडाळली. "पास्कलचा पोरगा इंग्लिश शाळेत हाय. तो भरील," म्हणाले आणि दार आपटून गेले. मी रडले नाही. मला भीती मात्र भयंकर वाटत होती, कारण मोसम बुडाला असता तर तो माझ्या नावावर बुडाला असता. थोड्याच वेळात बाबा परत आले. टॉवेलाची गाठ तशीच होती. पास्कलच्या ओटीपर्यंत गेले असतील, आणि तिथे त्यांना उमगलं असेल की पास्कलच्या घरात आज मॅथ्स उघडलं तर उद्या सगळं बंदर मॅथ्सवर जाळी टाकून बसेल.

आत्याने बोंबलावरून मान वर केली नाही. "आपल्या बापाने बोटीला मशीन लावलं," ती म्हणाली, "तेव्हा गावकी काय बोलली होती, आठवतं? आवाजाने मासळी पळंल, बोलली होती. वर्षभर आपल्याशी कोन बोलला नाय." बाबा दारात उभे होते. आत्याने हातातला बोंबील झटकला. "पळाली का रं मासळी?"

बाबा टॉवेलाची गुंडाळी घेऊन आत गेले. पुढचे काही दिवस घरात भांडी तेवढी बोलत होती.

मोसम सुरू व्हायच्या आधी आमच्याकडे बोटींना आशीर्वाद देतात. सगळ्या बोटी रंगवून, पताका लावून, ओळीने उभ्या करतात आणि फादर पवित्र पाणी शिंपडत एकेका बोटीपाशी थांबतात. प्रत्येक नाखवा त्या वर्षी जे नवीन घेतलं असेल ते बोटीपुढे फळीवर मांडतो: जाळं, दोर, वायरलेस. जीपीएस आले तेव्हापासून त्यांनाही झेंडूचा हार पडायला लागला होता. त्या सकाळी आम्ही बायका गाणी म्हणत किनाऱ्यावर जमलो. आमच्या बोटीपुढे फळीवर नवा जीपीएस होता, हार घातलेला, आत एकही जागा नसलेला. बाबा कुठे दिसत नव्हते. फादर चार बोटींच्या अंतरावर आले, तीन बोटींच्या अंतरावर आले, आणि मग मला घराच्या बाजूने बाबा येताना दिसले. डोक्यावर खोकं होतं. आईच्या मासळीच्या चुंबळीवर ठेवलेलं, दोन्ही हातांनी धरलेलं. वाळूत पाय रुतत होते. बाबांना मी डोक्यावरून कधी काही आणताना बघितलं नव्हतं. ते बायकांचं काम.

त्यांनी खोकं फळीवर जीपीएसच्या शेजारी ठेवलं, कमरेची सुरी काढली आणि खाकी चिकटपट्टी एका ओढीत कापली. मग जीपीएसच्या गळ्यातला हार काढून तो दोघांना मिळून घातला.

पास्कलकाका पुढे आला. "हे काय मांडलंस?"

"नवीन यंत्र हाय," बाबा म्हणाले.

"ठराव झालाय आपला. त्यात सीडी चालते!"

"चालते ना? बरं झालं आठवण केलीस." बाबा शांत होते, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असाच होता. "तुझ्या पोरीच्या हळदीची सीडी आली म्हनं. घेऊन ये संध्याकाळी. तू नाचलास ते सगळे मिळून बघू."

पहिली हसली ती आत्या. तिच्या हसण्याला हळदीच्या गाण्यांचा सराव होता, ते सगळ्या ओळीभर पसरलं. खलाशी हसले, बायका तोंडाला पदर लावून हसल्या, पास्कलकाकाची बायको तर खालीच बसली. शेवटी पास्कलकाकाच्या मिशीलाही राहवेना. "ती सीडी मी कोनाला नाय दाखवत," तो पुटपुटला आणि बाजूला झाला. फादर हसू दाबत पुढे आले आणि त्यांनी हात उचलला.

"फादर, जरा जपून," बाबा म्हणाले. "आत पानी जाता नये."

त्या संध्याकाळी मी नव्या यंत्रात जागा भरल्या, एकेक, मोठ्याने वाचून. बाबा शेजारी बसून होते. मग त्यांनी स्वतः विजेची वायर ओढून आणली आणि माझं यंत्र सुरू झालं, घूं घूं करत, जवळ्याचा वास सोडत. त्याचा तो वास शेवटपर्यंत गेला नाही. तिसऱ्या वर्षी मी पास झाले, आणि पुढचं माझं मी ठरवलं, पण ते आत्ता राहू दे.

पहिल्या फेरीला बोटी निघाल्या तेव्हा नुकतं उजाडत होतं. मी किनाऱ्यावर उभी होते. सगळ्या बोटींची इंजिनं धडधडत होती, आणि त्या आवाजावर चढून बाबा बोटीच्या पुढच्या टोकावरून, नाळेवरून ओरडले, अख्ख्या बंदराला ऐकू जाईल असं, आणि बंदरात एकालाही कळलं नाही:

"फिलू! मी मॅथ्सला चाललो! तू बस आता तुझ्या यंत्रावर!"